खाशाबांचं नाव घेताना

प्रति,
सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कुस्ती मैदानांचे निवेदक, क्रीडा पत्रकार आणि यात्रा कमिट्यांच्या स्मरणिकांचे लेखक यांस,



आपल्या भागात कुस्ती अजून तग धरून आहे, त्यात तुमचा वाटा मोठा आहे. कुंडलच्या मैदानात किंवा एखाद्या गावच्या जत्रेत पार मागे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहून बघणाऱ्याला हौद्यात नेमकं काय चाललंय ते दिसत नाही. कब्जा कुणी घेतला, एकलंगी कुणी भरली, घिस्सा मारायच्या बेतात कोण आहे, हे त्याला तुमच्या आवाजातून कळतं. पोरगं कुठल्या तालमीचं, वस्ताद कोण, बाप काय करतो, हे तुम्ही हातात कागद नसताना सांगता. दुसऱ्या दिवशी पेपरात मैदानाची बातमी येते, ती तुमच्यापैकीच कुणीतरी रात्री उशिरा अंगावरची धूळ झटकत पाठवलेली असते. हे सगळं मानूनच हे पत्र लिहितो आहे. मी तासगाव तालुक्यातल्या एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे. आमच्याकडची काही मुलं-मुली पहाटे तालमीत असतात आणि संध्याकाळी मॅटवर. त्यांच्या वतीने तुमच्याशी बोलायचं आहे.

माझी तक्रार एका वाक्याबद्दल आहे. "आता ते पैलवान राहिले नाहीत." हे वाक्य मैदानात ऐकू येतं, स्मरणिकेच्या पहिल्या पानावर छापलेलं असतं, महाराष्ट्र केसरीच्या दुसऱ्या दिवशीच्या लेखात असतं. ऐकणारे माना डोलावतात. वाक्य इतकं सवयीचं झालंय, की ते कुणाला लागतं याचा विचार होत नाही.

गेल्या हंगामात एका जत्रेत आमच्या शाळेतल्या आठवीच्या मुलाची जोड लागली होती. सलामी झाली, खडाखडी सुरू झाली आणि माईकवरून जुन्या मल्लांच्या आठवणी निघाल्या. मारुती मानेंच्या मांडीएवढं या पोरांचं अंग नाही, पूर्वीचा मल्ल हौद्यात उतरला की जमीन हादरायची, आता नुसतं गादीवर लोळायचं आणि गुण मोजायचे, असं बरंच काही. लोक हसले. हलगीवाला वाजवायचं थांबून हसला. त्या मुलाने पुढे पोकळ घिस्स्यावर कुस्ती मारली, समोरच्याला स्वच्छ चितपट केलं. त्याच्या डावाचं नाव माईकवर आलं नाही, कारण बोलणं अजून जुन्या काळावरच चाललं होतं. घरी जाताना त्याने मला एवढंच विचारलं, "सर, मारुती माने चौदा वर्षांचे असताना केवढे होते?" मला उत्तर देता आलं नाही, कारण ते कुणी लिहूनच ठेवलेलं नाही.

त्या निवेदकांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. जुन्यांचा मान ठेवावा एवढंच त्यांच्या मनात असणार. पण मान ठेवायचा तर ते लोक नेमके कोण होते, काय करत होते, हे आधी नीट बघायला हवं. ज्यांची नावं आजच्या पोरांना हिणवायला वापरली जातात, ते सगळे आपापल्या काळातले सगळ्यात नव्या वळणाचे पैलवान होते. या पत्रात मला मुख्य सांगायचंय ते हेच.

खाशाबा जाधवांपासून सुरुवात करू. कराडजवळच्या गोळेश्वरला 15 जानेवारी 1926 रोजी जन्म, कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण, पुढे कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. 1948 साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडन ऑलिंपिकला गेले. तोवरची सगळी कुस्ती मातीतली. गादीवरची आंतरराष्ट्रीय नियमांची कुस्ती त्यांना नवी होती. तिथे रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाकडून त्यांनी ती शिकून घेतली आणि फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळवला. परत आल्यावर "आपली मातीच बरी" असं म्हणून ते घरी बसले नाहीत. लंडनमध्ये जे कमी पडलं त्यावर त्यांनी चार वर्षं मेहनत केली. 1952 च्या निवडीत डावललं गेलं तेव्हा पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागून पुन्हा कुस्ती मिळवली आणि ती जिंकली. प्रवासाच्या पैशासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, गावोगावच्या लोकांनी जमेल तशी भर घातली. हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. सोव्हिएत संघाचा रशीद मामादबेयोव्ह आणि जपानचा शोहाची इशी यांच्याकडून ते हरले. इशीला सुवर्ण, मामादबेयोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडात शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली ती यासाठी.

ही मिरवणूक तुम्ही नेहमी सांगता. लंडनचा सहावा क्रमांक मात्र मी माईकवर कधी ऐकलेला नाही. मला विचाराल तर आमच्या मुलांनी आधी तो ऐकावा. मातीत वाढलेला पोरगा परक्या नियमांत उतरला, पदकाविना परतला, शिकला आणि चार वर्षांनी पदक घेऊन आला. आणि त्याचं वजन किती? 57 किलोचा गट. जमीन हादरवणाऱ्या देहांच्या गोष्टींत आपला सगळ्यात मोठा पैलवान बसतच नाही.

आता मारुती माने. मिरज तालुक्यातलं कवठेपिरान त्यांचं गाव. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 97 किलो गटात त्यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवलं. त्याच स्पर्धेत शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर त्यांच्या वरच्या गटात ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य घेऊन आले. एका जिल्ह्यातले दोन मल्ल, चार पदकं. आंदळकर 1960 चे हिंदकेसरी, माने 1964 चे. स्मरणिकांत हिंदकेसरीची गदा असते, जकार्ताची ओळ असते, पण ग्रीको-रोमन म्हणजे काय ते कुणी समजावून सांगत नाही. त्या प्रकारात कमरेच्या खाली हात लावायचा नसतो आणि पायाचा वापर करून समोरच्याला पाडायचं नसतं. आपल्या तालमीत पोरगं आलं की पट काढायला शिकतं. पट, एकलंगी, टांग, ढाकेला दिलेली पायाची जोड, हे सगळं तिथे बाद. म्हणजे हाताशी असलेली निम्मी कुस्ती बाहेर ठेवून हे दोघे परक्या कुस्तीत उतरले आणि आशियात पहिले-दुसरे आले. नव्या नियमांची इतकी तयारी ठेवणाऱ्या माणसांचं नाव घेऊन तुम्ही गादीवरच्या पोरांना हिणवता, हे मला पटत नाही. त्या दोघांनाही ते पटलं नसतं असं मला वाटतं.

आता तुलनेबद्दल. तुलना करूच नये असं माझं म्हणणं नाही. कट्ट्यावर बसून "हा मोठा की तो मोठा" हे वाद घालण्यात खेळाची अर्धी गोडी आहे, आणि मीही ते आवडीने घालतो. पण वादाला निदान जमीन हवी. कोण कुठल्या नियमात लढला, किती वेळ लढला, कुणाशी लढला, हे मांडल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, एवढी शिस्त पाळूया.

तुलनेसाठी एक चांगली जोडी समोर आहे. 1952 साली 57 किलो फ्रीस्टाइलमध्ये खाशाबांना कांस्य मिळालं. 2024 साली पॅरिसला 57 किलो फ्रीस्टाइलमध्येच अमन सेहरावतला कांस्य मिळालं. तोच प्रकार, वजनाचा तोच आकडा, तेच पदक. योगायोग असा, की खाशाबांना हरवणारा इशी जपानचा आणि सुवर्णाचा मानकरी होता, तर अमनला उपांत्य फेरीत हरवणारा रेई हिगुची हाही जपानचा आणि त्यानेही सुवर्णच जिंकलं. मधे 72 वर्षं. यांच्यात भारी कोण?

हेलसिंकीत दंडगुणांची पद्धत होती. हरलात तर दंडगुण जास्त, चितपट न करता नुसतं सरस ठरून जिंकलात तरी थोडे दंडगुण पडायचेच, आणि ठरावीक आकडा झाला की मल्ल बाहेर. कुस्तीची वेळ आजच्यापेक्षा बरीच मोठी. इशीबरोबरच्या दमवणाऱ्या कुस्तीनंतर खाशाबांना पुरेशी विश्रांती न देता लगेच पुढच्या कुस्तीला उभं केलं, आणि तिथे त्यांच्या बाजूने भांडायला भारतीय अधिकारी हजर नव्हता, असं सांगितलं जातं. आज अमनबरोबर प्रशिक्षक, फिजिओ, आहारतज्ज्ञ असा ताफा असतो. पंचांचा निर्णय पटला नाही तर कोपऱ्यातून स्पंजचा ठोकळा फेकून व्हिडिओ बघायला लावता येतं. एवढ्यावरून अमनचं सोपं झालं म्हणावं, तर दुसरी बाजू बघा. ऑलिंपिकच्या एका गटात फक्त 16 मल्ल असतात आणि त्यात शिरण्यासाठीच पात्रता स्पर्धांची चाळण पार करावी लागते. कुस्ती 6 मिनिटांची, तीन-तीन मिनिटांचे दोन भाग, मधे अर्धा मिनिट. दहा गुणांची आघाडी झाली की खेळ खलास, आणि हिगुचीने अमनला तसंच संपवलं. वजन दोन्ही दिवशी सकाळी होतं. हरल्यानंतर अमनचं वजन मर्यादेपेक्षा साडेचार किलोंहून जास्त भरत होतं, ते रात्रभरात उतरवून तो दुसऱ्या दिवशी उभा राहिला आणि पोर्तो रिकोच्या डॅरियन क्रूझला 13-5 ने हरवलं. त्याच स्पर्धेत विनेश फोगाट 100 ग्रॅमसाठी बाद झाली, ते आपण सगळ्यांनी बघितलं.

माझं मत विचाराल तर असं आहे: तिथवर पोहोचणं खाशाबांना जास्त अवघड होतं, तिथे टिकणं अमनला जास्त अवघड होतं. तुमचं मत वेगळं असेल. असू दे. पण असं मांडून बोललात तर ऐकणाऱ्या पोराला खाशाबांचा मोठेपणा कळतो आणि स्वतःपुढचं कामही कळतं.

नियम न मांडता निकाल द्यायचा हा रोग फुटबॉलवाल्यांनाही आहे. आपल्या शेजारी कोल्हापुरात फुटबॉलचे संघसुद्धा तालमींच्या नावाने आहेत: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर सामना लागला की मागच्या पायरीवरचे जाणते आताच्या पोरांत दम नाही म्हणतात. ज्या जकार्तात माने-आंदळकरांनी पदकं घेतली, तिथेच 4 सप्टेंबर 1962 रोजी भारताने दक्षिण कोरियाला 2-1 असं हरवून फुटबॉलचं सुवर्ण जिंकलं. गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांचे, प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. त्या संघाचं नाव घेऊन आजच्या भारतीय संघाला झोडपणं सोपं आहे. पण तेव्हाचा खेळच वेगळा होता. जगात पेले की मेस्सी हा वाद चालतो, त्यात किती जण सांगतात की 1966 च्या विश्वचषकात पेलेला लाथा घालून लंगडा केला, तेव्हा पंचाच्या खिशात पिवळं-लाल कार्डच नव्हतं आणि जखमी खेळाडू बदलायचीही सोय नव्हती? या दोन्ही गोष्टी विश्वचषकात 1970 साली आल्या. सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यायला बंदी 1992 ची. त्याच्या आधी पुढे असलेला संघ वाटेल तेवढा वेळ काढू शकायचा. मेस्सीला कार्डाचं संरक्षण मिळालं, पण त्याला मोकळी जागा पेलेपेक्षा किती कमी मिळाली हेही त्याबरोबर सांगायला हवं. हे सगळं न सांगता दिलेला निकाल म्हणजे नुसती हवा.

कुस्तीत माती आणि गादी हा फरक तर याहून मोठा आहे, आणि तो समजावून सांगणं तुमच्याइतकं कुणाला जमणार? हौद्यातली माती ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मळलेली असते. मुठीत धरली तर गोळा होतो, सोडली तर सुटते. तिच्यात पाय थोडा रुततो, त्यामुळे पट काढायला येणारा समोरच्याला दिसतो आणि त्याला मागे सरायला वेळ मिळतो. खाली गेलेला पैलवान पोटावर घट्ट पडून राहिला तर वरच्याला घाम गाळून त्याला उलटवावं लागतं, त्यात पाऊण तास गेला तरी कुणी हाकलत नाही. गादीवर बुटाची पकड पक्की, धाव थेट. पाठ गादीकडे झुकली की गुण, रिंगणाबाहेर ढकललं की गुण, चालढकल केली की पंच ताकीद देतो आणि घड्याळ लावतो. मातीला ताकद आणि चिवटपणा लागतो, गादीला वेग आणि हिशोब लागतो. गुण मोजणं म्हणजे कुस्ती पातळ करणं, असं तुमच्यापैकी काही जण बोलता. फेब्रुवारी 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने 2020 पासून कुस्तीच वगळायची शिफारस केली होती, हे आठवून बघा. तेव्हाचे नियम प्रेक्षकाला कळत नव्हते. मे महिन्यात नियम बदलले, गुणांची बेरीज सरळ केली, आणि सप्टेंबरमध्ये कुस्ती परत आली. ज्या गुणांना आपण नावं ठेवतो, त्यांनीच ऑलिंपिकची कुस्ती वाचवली.

आणि एप्रिल 2022 मध्ये साताऱ्यात महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत कशी झाली ते तुम्हीच लिहिलंय. गादी विभागाचा पृथ्वीराज पाटील, माती विभागाचा विशाल बनकर, निकाल गुणांवर 5-4. शेवटच्या क्षणापर्यंत मैदान उभं होतं. त्या रात्री कुणाला कुस्ती पातळ झाल्यासारखी वाटली?

खुराकाच्या गोष्टींबद्दल मला जास्त कळकळीने बोलायचं आहे, कारण त्यांचा त्रास माझ्या डोळ्यांसमोर होतो. अमुक पैलवान रोज इतके लिटर दूध प्यायचा, इतके बदाम, इतकं तूप, इतके हजार जोर आणि तितक्या बैठका. हे आकडे एका स्मरणिकेतून दुसरीत जाताना वाढतात. त्यांचा आधार कुणी विचारत नाही. पण दोन एकर ऊस असलेला बाप ते खरं मानतो. माझ्याकडे येऊन विचारतो की सर, पोराला किती दूध लावू, म्हैस अजून एक घेऊ का. पन्नास किलोच्या गटात खेळणाऱ्या मुलाला तुपाचे डबे कशाला? आणि पोरगं मनाशी ठरवतं की पैलवान म्हणजे आडवा-उभा दांडगा देह. तो देह लवकर यावा म्हणून कुणी कुठली पावडर घेतो, कुणी कुणाच्या सांगण्यावरून इंजेक्शनकडे वळतो. डोपिंगच्या चाचणीत नाव आलं की सगळं संपतं. जुन्यांच्या देहाच्या फुगवलेल्या गोष्टींनी आजच्या पोरांचं असं नुकसान होतं. तुम्हाला ते अभिप्रेत नसतं हे मला माहीत आहे, पण होतं.

मुलींच्या बाबतीत तर तुलनाच अन्यायाची आहे. मार्च 2023 मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी आपल्या सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती गदा जिंकली. तिची तुलना कुठल्या जुन्या नावाशी करणार? तिच्या आजीला हौद्याच्या कडेलाही उभं राहू दिलं नसतं. "पूर्वीसारखं राहिलं नाही" हे वाक्य आमच्या शाळेतल्या मुलींच्या कानावर पडतं, तेव्हा मला मनापासून म्हणावंसं वाटतं, बरं झालं राहिलं नाही. आणि जुनं सांगायचंच असेल तर हमीदा बानूचं नाव घ्या. 1940-50 च्या दशकांत ती पुरुष मल्लांना आव्हान देत देशभर फिरली, 1954 साली बडोद्यात बाबा पहिलवानाला तिने 1 मिनिट 34 सेकंदांत हरवलं. आपल्याकडच्या स्मरणिकांत तिच्यावर एक परिच्छेदही माझ्या वाचनात आलेला नाही.

तुमच्या म्हणण्यात खरं आहे तेही मांडतो. 1952 नंतर महाराष्ट्राच्या एकाही मल्लाला ऑलिंपिक पदक मिळालेलं नाही. महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला 72 वर्षं लागली, आणि ते स्वप्निल कुसाळेने नेमबाजीत आणलं. 2008 पासून भारताला कुस्तीत मिळालेली ऑलिंपिक पदकं हरियाणा-दिल्लीच्या आखाड्यांत तयार झालेल्यांची आहेत. हे दुखणं खरं आहे, आणि ते तुमच्याइतकंच मलाही सलतं. पण याचं कारण आताच्या पोरांत रग नाही हे नव्हे. दिवाळीपासून वैशाखापर्यंत आपला पैलवान जत्रा-मैदानं करतो, कारण खुराकाचा पैसा तिथून येतो. वर्षाचे सहा-सात महिने मातीत, मग चार दिवस गादीवर सराव करून निवड चाचणीला. समोर आलेला सोनिपतचा मुलगा लहानपणापासून रोज दोन वेळा गादीवर असतो. आमच्या गावांत किती तालमींत पूर्ण मापाची, नऊ मीटर रिंगणाची गादी आहे? तिच्यावर शिकवणारा पात्र प्रशिक्षक किती ठिकाणी आहे? तुलना करायचीच तर आमच्या पोराची त्याच्या वयाच्या हरियाणाच्या पोराशी करा. कुणाला काय मिळतं ते शेजारी शेजारी छापा. आमदार-खासदार मैदानात फेटे बांधून बसलेले असतात तेव्हा माईक तुमच्याच हातात असतो. जुन्या मल्लांची आठवण काढायच्या वेळेत तिथे एक प्रश्न गादीबद्दल विचारलात, तर खाशाबांना त्याहून जास्त आनंद झाला असता.

शेवटचं गाऱ्हाणं नोंदींचं. क्रिकेटचंच बघा. विजय हजारे 1915 साली सांगलीत जन्मले, आणि आपल्या सांगलीची स्मृती मानधना आज खेळते आहे. दोघांत थोर कोण असा वाद घालायला बसलात तरी हातात काहीतरी असतं. जानेवारी 1948 मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध हजारेंनी एकाच कसोटीत 116 आणि 145 धावा केल्या, समोर लिंडवॉल आणि मिलर होते, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. हे सगळं धावफलकात आहे, कुणीही उघडून बघावं. मैदानी कुस्तीचा धावफलक कुठे आहे? बातमीत असतं की अमक्याने तमक्याला अस्मान दाखवलं. कुठल्या डावावर, किती मिनिटांत, दोघांचं वजन काय, वय काय, काही नाही. त्यामुळे पन्नास वर्षांनी बोलायला फक्त आठवणी उरतात, आणि आठवणीतली कुस्ती दर वर्षी दहा मिनिटांनी लांबते. मारुती माने 2010 साली गेले, आंदळकर 2018 साली. त्यांच्याबरोबर अंग घासलेले, त्यांच्या हाताखाली तयार झालेले वस्ताद आज सत्तरी-ऐंशीत आहेत. कवठेपिरानात, शिराळ्यात, कराड-वाळव्याच्या पट्ट्यात ते तालमीच्या कट्ट्यावर बसलेले दिसतात. त्यांच्याकडून नीट विचारून घ्या: कुठल्या साली, कुठल्या गावी, समोर कोण, पंच कोण, डाव कुठला. मोबाइल समोर ठेवला तरी काम होतं. एकाने सांगितलेलं दुसऱ्याकडून पडताळून घ्या. गौरवाचे दहा लेख छापण्यापेक्षा अशी एक मुलाखत जास्त उपयोगाची.

म्हणून विनंती करतो. लहान जोड लागली असेल तेव्हा माईकवर त्या दोन पोरांबद्दलच बोला, त्यांच्या डावाचं नाव मोठ्याने घ्या. जुन्या मल्लाचं नाव घेतलंत की तो कुठल्या नियमात, किती वजनात लढला तेही एका वाक्यात सांगा. दुधा-तुपाचे आकडे आधार नसेल तर गाळा. मुलींच्या कुस्त्या दुपारच्या उन्हात गर्दी जमायच्या आधी उरकायच्या म्हणून लावल्या जातात, तिथे कमिटीला दोन शब्द ऐकवा. मैदानाच्या पोस्टरवर जोडीपुढे इनामाचा आकडा छापता, त्याच्या शेजारी वजन आणि वय छापायला लावा. खाशाबांचा जन्मदिवस आता राज्य क्रीडादिन म्हणून पाळला जातो. येत्या 15 जानेवारीला शाळांतून तुम्हाला बोलावणी येतील तेव्हा मिरवणुकीच्या आधी लंडनचा सहावा क्रमांक सांगा.

नोंदीच्या कामात आम्ही हात लावू. आमच्या शाळेतल्या नववी-दहावीच्या मुली वही आणि स्टॉपवॉच घेऊन मैदानात बसायला तयार आहेत. हौद्याजवळ त्यांना बसायला जागा मिळवून द्या आणि निकाल देताना डाव, वेळ आणि दोघांची पूर्ण नावं माईकवर स्पष्ट सांगा. त्या लिहून घेतील. यात्रांचा हंगाम संपला की त्या वहीच्या प्रती काढून एक प्रत तुमच्याकडे, एक तालुक्याच्या वाचनालयात आणि एक त्या त्या तालमीत पोचवायची जबाबदारी माझी.

आपला नम्र,
एक क्रीडाशिक्षक
तासगाव, जि. सांगली